वाघाचा वाटा

सोमवारी सकाळी दादा ऑफिसात आले की दारातच थांबायचे, सगळ्यांवरून एक नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "गुड मॉर्निंग. शनिवारपर्यंतची." मंगळवारपासून मुकाट्याने येऊन खुर्चीत बसायचे. नवीन लागलेल्या एखाद्याने बुधवारी त्यांना गुड मॉर्निंग घातलीच, तर "तुला मिळाली नाय का रे सोमवारी?" असं काळजीने विचारायचे. वाढदिवसांचंही तेच. एक जानेवारीला सगळ्यांशी हात मिळवून ते वर्षभराच्या शुभेच्छा देऊन मोकळे व्हायचे, आणि पुढे कुणाचा केक कापला की आपला तुकडा घेऊन जागेवर जायचे. गाणंबिणं म्हणायचे नाहीत.

केलेलं काम पुन्हा करायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "एकदा करतो त्याला काम म्हनायचा. तेच पुन्ना करतो ती शिक्षा," हे त्यांचं आवडतं वाक्य. आवडतं म्हणते खरी, पण मला त्यांनी ते एकदाच ऐकवलं. बाकी ऑफिसात मीच ते सगळ्यांना सांगत फिरले.

असा माणूस आमच्या धंद्यात आलाच कसा, हे मला कोडं होतं. आमचा धंदा मुळी तेच ते करण्याचा.

शहापूरला हायवेच्या कडेला, फरशांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मी सापगावची. डिप्लोमा करून तिथे लागले तेव्हा माझ्या आईने विचारलं होतं, "इमारती बांधता काय गो तुमी?" नाही म्हटलं. "मंग त्यांचे नकाशे काढता?" तेही नाही, ते मुंबईचे आर्किटेक्ट काढतात. "मंग तू दिवसभर करतेस तरी काय?"

"दारांना नंबर देते," मी म्हटलं.

शेजारणींना मात्र आई 'कॉम्प्युटरवर आहे' एवढंच सांगायची.

खोटं नव्हतं ते. मुंबईचं ऑफिस अख्खी इमारत कॉम्प्युटरवर उभी करून आमच्याकडे पाठवायचं. छान दिसायची, चारी बाजूंनी फिरवून बघता यायची. पण साइटवरच्या गवंड्याला आणि सुताराला तिचं फिरणं काय कामाचं? त्यांना कागद लागतो. हरेक मजल्याचा प्लॅन, त्यावर हरेक दाराचा नंबर, त्या नंबरांची यादी, दार कुठल्या बाजूला उघडतं त्याची खूण, मापं, कोपऱ्यातल्या टिपा. अशा शीटांचा जाडजूड सेट करून द्यायचा हे आमचं काम. सेट होत आला की मुंबईत कुणाला तरी लिफ्ट हातभर सरकवावीशी वाटायची. लिफ्ट सरकली की दारं सरकली, दारं सरकली की नंबर गेले, आणि आम्ही सगळे तळमजल्यापासून पुन्हा सुरू. याला रिव्हिजन म्हणतात. एकेका सेटच्या इतक्या रिव्हिजन व्हायच्या की आमच्या नाकी नऊ यायचे. झोपेत मी दारं मोजायची.

दादा आमच्यात सगळ्यात जुने. माळशेजच्या रस्त्यावरच्या वैशाखऱ्याचे. अंगाने काटकुळे, शर्ट कायम बाहेर, चपला ऑफिसच्या दाराबाहेर काढून अनवाणी बसणारे. कामाला मध्यम. चार दिवसांचं काम चार दिवसांत द्यायचे, अर्धा दिवस इकडे नाही की तिकडे नाही. पण सुटायच्या बाबतीत पक्के. साडेचारला त्यांचं हेल्मेट टेबलावर यायचं आणि पाचच्या ठोक्याला ते डोक्यावर घालून दादा जिन्यात असायचे. मागे काहीही पेटलेलं असो. आमच्या साहेबांनी, म्हणजे ऑफिसच्या मालकांनी, त्यांच्यापुढे कधीच हात टेकले होते. "कामाला वाईट नाहीत हो," साहेब म्हणायचे, "पण जीव ओतत नाहीत." दादांच्या शेजारी बसून शिकलेली मुलं ठाण्याला मोठ्या पगारावर गेली आणि दादा तिथेच राहिले. त्यांना त्याचं काही वाटत असावं असं मला कधी दिसलं नाही.

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसायची. एका दुपारी लाइट गेली. पंखे थांबले, कॉम्प्युटर तेवढे बॅटरीवर चालू. दादा तोंडावर पाणी मारायला गेले होते आणि माझी नजर सहज त्यांच्या पडद्यावर गेली. माउसवर कुणाचा हात नव्हता, आणि पडद्यावर दारांना नंबर पडत होते. एक मजला झाला, वरचा आला. यादी भरली, खुणा उमटल्या, मापं बसली. ज्याला आम्हाला दोन दिवस लागायचे ते मी ओढणीने घाम पुसेपर्यंत झालं. दादा परत आले. मी बघितलंय हे त्यांनी बघितलं, खुर्चीत बसले आणि एक लांब उसासा टाकला.

संध्याकाळी ते मला मोटरसायकलवरून सापगावला सोडायचे, त्यांच्या वाटेवरच होतं. सोडायचे म्हणजे गाडी जेमतेम हळू करायचे आणि 'उतर' म्हणायचे. त्या दिवशी मात्र नदीच्या पुलाअलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेऊन बंद केली.

"बघितलास ना?"

"कधीपासून चाललंय हे, दादा?"

"लय दिस झाले. व्हिडिओ बघून शिकलो. सॉफ्टवेरला एकदा सांगून ठेवायचा, बाबा असा नंबर दे, असी यादी कर. त्याला कंटाळा नाय येत."

"मग साहेबांना सांगा ना! पगार वाढवतील तुमचा."

"पगार वाढवतील आनि काम चौपट देतील. मंग पाचला सुटेन का मी?"

"एवढं काय आहे पाचचं?"

त्यांनी हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. मग म्हणाले, "आई हाय ना घरी. इसरते सगळा. उजेड असता तवर तिला समदी मानसं वलखू येतात. काळोख पडला का कोनालाच नाय वलखत. पन उजेडात मला घरात शिरताना बघितला का मंग रातभर मी तिचा पोरगा. नाय बघितला तर मी परका. दार लावून घेते."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करनार? ओट्यावर निजतो. आत ती घाबरून जागी, भाईर मी जागा."

वैशाखरे शहापूरपासून काही जवळ नाही. किन्हवलीवरून सरळगाव, तिथून माळशेजचा रस्ता. पाचला निघालं तर दिवस मावळायच्या आत ते जेमतेम घरात शिरायचे. थंडीत दिवस लहान झाला की डबा काम करता करता खायचे आणि जेवणाच्या सुट्टीच्या बदल्यात साडेचारला निघायचे. आम्ही यावरून त्यांची टर उडवायचो, घरी कोण एवढी वाट बघतंय म्हणून. त्या दिवशी पुलाजवळ मला फार वाईट वाटलं.

दादांनी गाडी सुरू केली. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. त्यांच्या हिशेबाने एकदा सांगून झालं होतं.

त्यांनी आपले प्रोग्रॅम मला मात्र देऊन टाकले. "घे. पन साहेबासमोर घाई करू नको." खरं अवघड काम तिथून पुढे होतं. दोन दिवसांचं काम तासाभरात उरकल्यावर उरलेला सगळा वेळ कामात गढल्यासारखं दिसणं सोपं नाही, आणि दादा त्यात मुरलेले होते. एखादा जिना पडद्यावर मोठा करायचा, लहान करायचा, पुन्हा मोठा करायचा. मधेच कागदावर काहीतरी आकडा लिहून खोडायचा. साहेब मागून गेले की उसासा. "उसासा टाकलास का साहेबाला बरा वाटता," असं त्यांनी मला गंभीरपणे शिकवलं. मी पंधरा दिवसांत थकले. काम करून कधी एवढी दमले नव्हते. तुम्ही इतका वेळ बसून कसला विचार करता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कायच नाय. रातची ताकद राखून ठेवतो." घरी गेल्यावर रांधणं, आईला भरवणं, रात्रीतून चारदा उठणं हे सगळं त्यांनाच होतं. दिवसा शेजारची एक वहिनी आईकडे बघायची, पण अंधार पडला की तिला तिचं घर.

त्यांची आणखी एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

आमचा हरेक सेट मुंबईत एक चेकरबाई तपासायच्या. आम्ही त्यांना कधी बघितलं नाही, त्यांच्या लाल खुणा तेवढ्या आमच्यापर्यंत यायच्या. चूक सापडली की बाई खूश आणि सेट पास. नाही सापडली तर मात्र त्यांना वाटायचं, आपल्याच नजरेतून काहीतरी सुटतंय. मग अक्षरं लहान करा, रेघा जाड करा, टिपा डावीकडच्या उजवीकडे न्या, असं काहीतरी काढायच्या आणि अख्खा सेट पुन्हा आमच्या गळ्यात. दादांनी हे फार आधी ओळखलं होतं. त्यांच्या गावाकडे वाघबारसीला गुराखी रानाच्या कडेला वाघोबाला नैवेद्य ठेवतात, तेवढं खा आणि आमच्या गुरांना हात लावू नको म्हणून. दादा हरेक सेटमध्ये तसा एक नैवेद्य ठेवायचे. यादीतलं पहिलं दार उलट्या बाजूला उघडणारं दाखवायचे. मुंबईच्या टॉवरांमध्ये पहिलं दार नेहमी पंपाच्या नाहीतर मीटरच्या खोलीचं असतं, ते कसंही उघडलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. बाईंना ते दार सापडायचं, त्याभोवती लाल गोल यायचा, आम्ही दार सरळ करून पाठवायचो आणि सेट पास.

"वाघाचा वाटा," दादा म्हणायचे. "तिला बी दाखवायला लागत आसंल ना कायतरी."

हे असंच वर्षानुवर्षं चाललं असतं. पण एका सकाळी साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. एरवी ते उभ्याने बोलायचे, त्या दिवशी टेबलाच्या कडेला टेकले. मुंबईचं ऑफिस आमचं काम काढून दुसरीकडे द्यायला निघालं होतं. शेवटची संधी म्हणून त्यांनी एकदम ढीगभर सेट आमच्या अंगावर टाकले होते आणि वेळ इतका कमी दिला होता की तो हाताने काम करणाऱ्यांना पुरणारच नव्हता. "मी धडपड करतो," साहेब म्हणाले, "पण तुम्ही आपापलं बघायला लागा." आम्ही सगळे आजूबाजूच्या गावांतले, शहापुरात असलं दुसरं ऑफिस नव्हतं. आमच्यातल्या भातसानगरच्या एका मुलाचं लग्न ठरलेलं होतं, तो नुसता नखं बघत बसला.

मी मुद्दामच दादांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ते मागितल्यासारखं झालं असतं. दादा खाली मान घालून बसले होते. मग त्यांनी शाळेत करतात तसा हात वर केला.

"मी करून देतो," ते म्हणाले. "पन एक बोली हाय. काम झाला का पाचला सोडायचा. मला एकट्याला नाय, सगळ्यांना."

साहेबांना ती थट्टा वाटली. दादांनी पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि एक सेट चालू केला. साहेब खुर्ची ओढून बसले. मजल्यामागून मजला भरत गेला तशी त्यांच्या चेहऱ्यावरची चिंता जाऊन तिथे दुसरंच काहीतरी आलं.

"हे तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"हाय," दादा म्हणाले.

साहेबांनी आणखी खोलात जायचं टाळलं आणि सगळ्यांदेखत शब्द दिला.

सेट वेळेच्या आधी गेले. ऑफिस वाचलं. आणि पुढचा महिनाभर आम्ही खरोखरच पाचला सुटत होतो. मी उजेडात घरी जायची, आईबरोबर बाजारात जायची, भाजी निवडता निवडता तिच्याशी भांडायची. भातसानगरच्या मुलाने होणाऱ्या बायकोला धरण दाखवून आणलं. साहेब स्वतः पहिल्या दिवशी साडेपाचला घरी पोचले तेव्हा बायकोने त्यांना ताप आहे का बघितलं, असं त्यांनीच हसत सांगितलं. दादांकडे बघून मला भरून यायचं. आता त्यांना उसासे टाकायला लागत नव्हते.

महिन्यानंतर मुंबईच्या लक्षात आलं की शहापूरला काम भलतंच लवकर होतंय. त्यांनी काम दुप्पट केलं. मग त्याच्या दुप्पट. प्रोग्रॅमची एक प्रत मागून घेऊन त्यांच्या इतर ऑफिसांतही लावली. साहेब सोमवारी म्हणाले, "फक्त या आठवड्यापुरतं थोडं थांबा." त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच म्हणाले. थोड्याच दिवसांत आम्ही पूर्वीपेक्षा उशिरा सुटायला लागलो, आणि दिवसभर करायचं काय, तर पडद्यावर भरत जाणाऱ्या शीटांवर लक्ष ठेवायचं. मी आता कल्याणला दुसऱ्या ऑफिसात आहे. असली कामं करणारे प्रोग्रॅम हल्ली विकत मिळतात, आम्ही ते वापरतो आणि घरी जायला आठ वाजतात. ते वाचवलेले तास नेमके कुणाकडे जाऊन पडतात, कुणास ठाऊक.

दादांना थांबा म्हणायची हिंमत मात्र तेव्हा साहेबांना झाली नाही. दादा एकटे पाचला निघायचे, खाली बघत, आमची माफी मागितल्यासारखे.

मग एके दिवशी साहेबांनी पेढे आणले. इतके सेट गेले आणि मुंबईहून एकही लाल खूण आली नाही! दादांनी पेढा हातात घेतला होता, तो तसाच राहिला.

"चेकरबाई कुठं गेल्या?" त्यांनी विचारलं.

"त्यांना दुसऱ्या कामाला लावलं," साहेब म्हणाले. "प्रोग्रॅमने काढलेल्यात काय चूक सापडणार?"

दादांनी पेढा टेबलावर ठेवला. "वाघ नाय गो आता," ते माझ्याजवळ येऊन पुटपुटले. "मंग वाटा खाल्ला कोनी?"

मला वाटत होतं, ते उलटं दार दादा हाताने करतात. पण हरेक सेटला एक दार हाताने फिरवायचं म्हणजे पुन्हा तेच ते काम. दादांनी ते केव्हाच प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणे विसरून गेले होते. चूक आपली आपण पडत होती आणि तपासणारं कुणी नव्हतं.

आम्ही दोघांनी गेलेले सेट एकेक करून उघडले. पंपाची खोली. मीटरची खोली. पुन्हा पंपाची. असं बघत बघत आम्ही मुलींच्या वसतिगृहावर आलो. सरळगावच्या पुढे, दादांच्या रोजच्या रस्त्यावर त्याचं बांधकाम चालू होतं. बैठी इमारत, पंपाची खोली बाहेर वेगळी. यादीतलं पहिलं दार होतं मुलींच्या झोपायच्या हॉलचं. ते बाहेर ढकलून उघडायला हवं होतं, रात्री काही झालं, सगळ्या एकदम दाराकडे धावल्या, तर नुसत्या धक्क्याने उघडेल असं. आमच्या कागदावर ते आत उघडत होतं.

दादांनी हेल्मेट उचललं आणि भर दुपारी निघून गेले. सकाळी परत आले ते माझ्या शेजारी बसून म्हणाले, "चौकट बसली, दार पन लागला. मी आत उभा राहून ढकलून बघितला. नाय उघडत गो. मागं सरकून वढायला लागता. एवढ्या पोरी दारावर दाटल्या तर कोन मागं सरकनार?"

"सुताराला सांगून गुपचूप फिरवून घ्या," मी म्हटलं. "कुणाला कळायचं नाही."

"तिथला फिरवतोय सुतार. पन मुंबईनं प्रोग्रॅमची परत कुठं कुठं लावलीय, मला म्हाईत हाय का? कुठल्या गावात कसला दार पयला आसंल?"

साहेबांना सांगितलं तर काय होणार ते दादांना स्वच्छ दिसत होतं, मलाही दिसत होतं. मग ते उठून साहेबांच्या खोलीत गेले.

"मुद्दाम?" साहेबांचा आवाज बाहेर आला. "चूक मुद्दाम घातलीत?" दादांनी वाघाचं सांगितलं असावं, कारण साहेब मधेच हसले आणि मग जे ओरडायला लागले ते बराच वेळ ओरडत होते. मुंबईला फोन गेला. सगळीकडचे सेट परत मागवले, जिथे चौकटी बसल्या होत्या तिथल्या फिरवल्या. कुणाला काही झालेलं नव्हतं, नशीब.

मला वाटलं दादांना काढतील. काढलं असतं तर बरं झालं असतं. पण तो प्रोग्रॅम नीट माहीत असलेला माणूस एकच होता. मुंबईने ठरवलं की यापुढे हरेक सेट जाण्याआधी माणसाने तपासायचा, एकेक दार, आणि तपासून खाली सही करायची ती दादांनी. दिवसभर प्रोग्रॅम चालायचा आणि सेट तयार होऊन पडायचे संध्याकाळी. म्हणजे दादांचं काम सुरू व्हायचं पाचला.

ते पडद्याला बोट लावून दार मोजायचे. खूण बघायची, यादी बघायची, पुन्हा खूण, मग पुढचं दार. ज्या माणसाला बुधवारची गुड मॉर्निंग जड व्हायची तो रोज शेकडो दारांवरून असं बोट फिरवत बसायचा. मी म्हटलं, "दादा, वरवर बघून सही करून निघा ना. आता काही नाही त्यात."

"मानसं कशी बघतात ते मला इचार," ते म्हणाले. "एक घावली का चष्मा काढून ठेवतात. मीच तर त्याच्यावर जगलो एवढी वर्सां."

"मग नोकरी सोडा."

"सोडून? तिच्या औषधाला काय सांगू?"

सापगावपर्यंतची आमची सोबत आधीच सुटली होती, आता मी त्यांच्या आधी निघायची. सकाळी ते यायचे तेव्हा शर्टाच्या पाठीवर सारवणाचा डाग असायचा. ओट्यावर निजले होते हे मला कळायचं.

थंडीच्या दिवसांत एकदा त्यांना सपाटून ताप भरला. तरी दारं मोजून, सही करूनच उठले. मी थांबले होते. टोकावड्याला आत्याकडे हळद होती, मला तिकडे जायचंच होतं. म्हटलं, गाडी मी चालवते, तुम्हाला आधी घरी सोडते, आत्याचा मुलगा मला तिथून घेऊन जाईल. त्यांनी हो म्हटलं, यावरूनच ताप किती होता ते कळलं.

वैशाखऱ्याला पोचलो तेव्हा काळोख पडून गेला होता. दिव्याखाली ओटा, त्याला लागून दार, आणि दारात एक बुटकी म्हातारी, एक हात कडीवर. वाट बघत थांबलेली शेजारची वहिनी आम्हाला बघून आपल्या घराकडे वळली. दादा ओट्याच्या खालीच थांबले. "आई म्हनून हाक नको मारू," ते मला हळूच म्हणाले. "घाबरते."

"कोन पायजे?" म्हातारीने विचारलं.

"पानी मिळंल का, मावशी?"

ती आमच्याकडे बघत राहिली. मग आत गेली, तांब्या घेऊन आली आणि ओट्याच्या कडेला ठेवून पुन्हा कडी धरून उभी राहिली. दादा पाणी प्यायले. मी मोटरसायकलच्या मागे तोंड फिरवून उभी राहिले.

"लांबून आलाव?"

"शापूरवरून."

"माझा पोरगा बी शापूरलाच हाय. हापिसात. वलखता का त्याला?"

"वलखतो."

"बरा हाय ना? हल्ली येतच नाय तो." तिने रस्त्याकडे बघितलं. "तुमी कोन त्याचे?"

"हापिसातलाच मानूस हाय, मावशी," दादा म्हणाले.

म्हातारीने कडी सोडली आणि एक पाऊल पुढे आली. पहिल्यांदाच तिच्या आवाजातली भीती गेली होती, ती रागावली होती.

"मंग तुमीच ठेवून घेता व्हय त्याला? सोडा ना रे आता त्याला. काळोख झालाय."

दादांनी रिकामा तांब्या ओट्यावर ठेवला.

"सोडतो, मावशी," ते म्हणाले.